गिरडचा साडेआठचा पाऊस

तळेगाव

"त्या पोरीले खाली उतरवा बे कोणी! आन् साहेबाले चढवा वर!"

तळेगावचे एक आजोबा गेली दहा मिनिटं आभाळाकडे तोंड करून हे एकच वाक्य ओरडत होते. खांद्यावर दुपट्टा, हातात काठी, आणि आवाज असा की दोन शेतांपलीकडच्या म्हशीही उठून उभ्या राहिल्या. आभाळात आमची प्राजक्ता होती. बत्तीस फुटी लोखंडी खांबाच्या टोकाला, कमरेला पट्टा बांधून, दातांत पेचकस धरून ती वाऱ्याच्या वाट्यांत अडकलेला मांजा सोडवत होती. आणि ज्या साहेबाला वर चढवा असं आजोबांचं म्हणणं होतं, ते साहेब माझ्या शेजारी खांबाला घट्ट धरून उभे होते. खांब पडू नये म्हणून नव्हे, स्वतः पडू नये म्हणून.

हे साहेब म्हणजे आमच्या गाडीचे ड्रायव्हर गजाननराव.

गजाननराव मूळचे आर्वीचे. सकाळी वर्धा स्टेशनावर ते आम्हाला घ्यायला आले तेव्हाच मी मनात म्हटलं, घात झाला. कडक इस्त्रीचा पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक खरं पेन आणि दुसरं टायरची हवा मोजायचं. सोनेरी काडीचा चष्मा. आणि मिशी अशी की तिच्यासमोर आपण अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटावं. अशा माणसाबरोबर दोन बायका कुठेही गेल्या तरी लोक साहेब कोणाला म्हणणार हे ठरलेलंच. वर या माणसाला उंचीची इतकी धास्ती की गच्चीवरचं वाळवण उतरवायला ते शेजाऱ्यांना बोलावतात. हे त्यांनीच मला सांगितलं, तेही पुलावरून जाताना डोळे मिटून. गाडी तेव्हा तेच चालवत होते.

प्राजक्ता खाली उतरली. आजोबांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, हातपाय मोजून घेतले, आणि सगळे जागच्या जागी आहेत म्हटल्यावर जवळ जाऊन विचारलं, "साहेब शिकवते का तुले नीट?"

"होय बाप्पा, शिकून राह्यली," प्राजक्ता म्हणाली. ती हिंगणघाटची. पुण्यात चार वर्षं 'मला-तुला' करणारी ही मुलगी, रेल्वेने बडनेरा ओलांडलं की 'मले-तुले' करायला लागते. डब्यातला पंखा जसा आपोआप सुरू व्हावा, तसं.

मग ग्रामपंचायतीतून पाहुण्यांचा अभिप्राय घ्यायची वही आली. ती अर्थातच गजाननरावांपुढे. त्यांनी चष्मा सारखा केला, खरं पेन काढलं आणि लिहिलं, 'पाहणी केली. सर्व ठीक आहे. हवा वेळोवेळी तपासावी.' हवामानाच्या यंत्राखाली हा शेरा इतका शोभला की मला त्यात एक अक्षर बदलावंसं वाटलं नाही.

आता आम्ही तिथे कशाला गेलो होतो ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसती गाडीतून फिरून आली.

आमची पुण्यातली छोटी कंपनी हवामान मोजायची यंत्रं बसवते. एक उंच खांब, वर वारा मोजणाऱ्या वाट्या, हाताच्या उंचीवर सौर पाटी, आणि खाली कट्ट्यावर पाऊस मोजायचं एक पांढरं नरसाळं. नरसाळ्यात पाणी पडलं की आत एक चिमुकली वाटी भरते, कलंडते, आणि दर कलंडीची खबर पुण्याला पोचते. वर्धा जिल्ह्यात अशी तीन यंत्रं महिन्यापूर्वी प्राजक्ताने एकटीने बसवली. तळेगाव, जाम आणि गिरड. आमच्या ऑफिसातून एकटी फील्डवर गेलेली पहिली मुलगी ती.

मे महिना चालू होता. वर्ध्याचा मे. मी खोटं बोलत नाही, तिथे दुपारी सावलीसुद्धा झाडाखाली येऊन बसते. आणि अशा दिवसांत गिरडला रोज पाऊस पडत होता. रोज, सकाळी साडेआठला. कधी सहा पॉइंट चार मिलिमीटर, कधी सहा पॉइंट दोन. पहिले तीन आठवडे तो दोन मिनिटांत आटपायचा, या आठवड्यात मात्र सात-सात मिनिटं रेंगाळायला लागला होता. आभाळात ढगाचा कपटा नाही, आणि आमच्या पडद्यावर रोज एक सरळ निळी काठी. इतक्या वेळेवर आमच्या ऑफिसात माणसं येत नाहीत, पाऊस कुठून येणार?

आमचे विभागप्रमुख भागवत सर म्हणाले, वायरिंग चुकलंय. मुलींना फील्ड झेपत नाही हे मी आधीच म्हणालो होतो, असंही म्हणाले. आधी म्हणाले होते हे मात्र खरं. शुक्रवारी दुपारपर्यंत कारण सापडलं नाही तर प्राजक्ताने फील्डची बॅग जमा करायची आणि माहितीपुस्तिका लिहायच्या टेबलावर बसायचं. तिच्यामागून लागलेल्या दोन मुलींच्या बॅगा कपाटात बंद होत्या. त्या उघडायच्या की नाही, तेही शुक्रवारीच ठरणार होतं.

हे टेबल मला चांगलं ठाऊक आहे. तीस वर्षांपूर्वी महाबळेश्वरला एका माकडाने माझ्यादेखत थर्मामीटर पळवला. अहवालात आलं, 'बाईंच्या हातून गहाळ'. त्या टेबलावर मी नऊ वर्षं काढली. माकडाला बढती मिळाली असं मी सगळ्यांना सांगते. त्यातलं बढतीचं निम्मं खरं आहे.

म्हणून गुडघे कुरकुरत असताना मी प्राजक्ताबरोबर निघाले.

जाम

वर्ध्यात मुक्काम करून गुरुवारी सकाळी निघालो. तुम्ही त्या बाजूला गेला नसाल तर एवढंच सांगते, तर्री-पोहे हा नाश्ता नव्हे, तो परीक्षेचा पेपर आहे. पोह्यांवर लाल तर्री ओततात आणि देणारा माणूस आपल्या तोंडाकडे बघत उभा राहतो. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने तिच्यावर हात शेकून घेतले असते, पण त्याला आधीच पुरेसं ऊन लागलं होतं. माझा चेहरा बघून मालक सौजन्याने म्हणाला, "सांबार टाकू का वरून?" मी हो म्हटलं आणि आमटीची वाट बघत बसले. आली कोथिंबीर. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पुण्यात आम्ही ती चिमटीने घालतो, तिकडे मूठभर, जणू काही आजारी माणसाला हिरवळीवर नेऊन बसवावं.

जामला गाड्यांचा मोठा चौक आहे. चहूकडून येणारे ट्रक तिथे थांबतात, जेवतात आणि पुढे जातात. उन्हाचं म्हणाल तर तिथला एक हॉटेलवाला अंडी सावलीत ठेवतो. उन्हात ठेवली तर पिल्लं निघतात आणि मग आमलेट कोणाला मागायचं?

तिथे एका गृहस्थाला यंत्राचा रस्ता विचारला. पुण्यात रस्ता विचारला तर हाताने दाखवतात, तोही हात जड असल्यासारखा. हा गृहस्थ दार उघडून गाडीत बसला. पुढे गजाननरावांशेजारी. यंत्रापाशी पोचल्यावर म्हणाला, साहेब, आता इथवर आलाच तर मले सासुरवाडीले सोडून द्या. सासुरवाडी सहा किलोमीटर पुढे होती. साहेबांनी सोडून दिलं. सासऱ्याने साहेबांना पाणी दिलं, मग जावयाला, आणि तांब्यात उरलं ते आम्हाला.

जामच्या यंत्राची तक्रार अशी की त्याची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकायची. जाऊन बघतो तर सौर पाटीवर कुरडया. ओळीने, गोल गोल, पांढऱ्याशुभ्र, आणि पाटी तिरपी असून एक घसरलेली नाही. शेजारच्या घरातल्या काकू बाहेर आल्या. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच आम्हाला झापलं. एवढी मोठी गुळगुळीत पाटी उन्हात आणून ठेवता, आन् कुरडया घालू नका म्हणता, मग ठेवता कायले?

उत्तर प्राजक्ताकडे होतं. बॅटरी अकरापर्यंत भरते, तिने समजावलं, अकरानंतर खुशाल घाला. काकूंनी मान हलवली नाही. त्यांनी गजाननरावांकडे बघितलं. गजाननराव गंभीरपणे म्हणाले, "अकरा वाजेपर्यंत लाइन, त्याच्यानंतर कुरडया." काकू म्हणाल्या, साहेब म्हणतात तर ठीक आहे.

गाडीत बसल्यावर प्राजक्ताने फील्डची बॅग मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मॅडम, उद्या कारण नाही सापडलं, तर मीच वायरिंग चुकलं असं लिहून देऊ का? निदान पुस्तिका तरी शांतपणे लिहीन."

मी तिला माकडाची गोष्ट परत एकदा सांगितली. या खेपेला माकडाला पेन्शनही दिली. ती हसली नाही.

गिरड

गिरडला टेकडी आहे आणि टेकडीवर दर्गा. खालून पायऱ्यांवर माणसांची रांग मुंग्यांसारखी दिसते. कोणाच्या हातात चादर, कोणाच्या हातात नारळ, आणि सगळ्यांच्या तोंडावर घाम एकाच जातीचा. टेकडीच्या पायथ्याशी, शेताच्या बांधालगत आमचं यंत्र उभं होतं. त्याच्या शेजारी एक जुना दगडी कट्टा आणि त्यावर जुनं पर्जन्यमापक. आणि त्याला लागून नामदेवराव झाड्यांचं घर.

नामदेवराव बावीस वर्षं पावसाची नोंद ठेवणारे. नवीन यंत्र आल्यावर त्यांना तोंडी कळवलं होतं, आता मोजू नका. ते खाटेवर बसले होते. आम्हाला बघून उठले, गजाननरावांना खुर्ची दिली, आम्हाला चटई, आणि आत हाक मारली, "पाणी आण वं, साहेब आले."

आतून त्यांच्या बायको आल्या. सुशीलाबाई. उंच, सडपातळ, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. त्यांनी तांब्या साहेबांपुढे ठेवला, वळून आमच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "पाणी मंग प्या. आधी तिकडं जाऊन या, निंबाच्या मागं मोरी हाय. कडी आहे तिले."

वाचकहो, फील्डवर वीस वर्षं काढलेल्या बाईला विचारा याचा अर्थ काय. किती घोट पाणी प्यायलं तर किती तास निभावतं याचा माझा हिशेब वेधशाळेच्या अंदाजाहून पक्का आहे. दोन दिवसांत तीन गावं, सात चहा, एक सासुरवाडी, आणि हे विचारणारं हे पहिलंच माणूस. मी त्यांना तिथल्या तिथे साष्टांग नमस्कार घातला असता, पण तेवढा धीर नव्हता.

परत आल्यावर कामाला लागलो. प्राजक्ताने पेटी उघडली, तारा एकेक करून तपासल्या. सगळ्या जागच्या जागी. परत तपासल्या. सोडवून जोडल्या. दोष नाही. दोष सापडला असता तर बरं असं वाटायची ती पहिलीच वेळ. मी नामदेवरावांना विचारलं, सकाळी इथे पाऊस पडतो का हो? त्यांनी उत्तर गजाननरावांना दिलं, "काई नाई साहेब. आभाळ कोरडं हाय, पत्र्यावाणी."

सुशीलाबाई दारात होत्या. "साडेआठले ना, मी..."

"तू चहा ठेव," नामदेवराव म्हणाले.

आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण प्रवासवर्णनात खोटं किती चालतं याला मर्यादा असते. त्यांना पुढचं न विचारता मीसुद्धा त्यांच्याकडे कप पुढे केला.

कारण तोवर मला कारण सापडलं होतं. यंत्राच्या खांबाला हळदीकुंकू लागलेलं, पायाशी वाळकं झेंडूचं फूल आणि नारळाची करवंटी. पांढरं नरसाळं, खाली कट्टा. म्हटलं, बस्स. कोणीतरी याला देव केलाय आणि रोज सकाळी आंघोळ करून साडेआठला पाणी घालतंय. मी प्राजक्ताला हे सांगितलं तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. ठरलं, सकाळी दबा धरून बसायचं आणि भक्ताला रंगेहाथ पकडायचं. रात्रभर मी मनात भाषण रचलं. त्यात विज्ञान होतं, समाजसुधारणा होती, आणि शेवटी थोडी करुणाही होती.

शुक्रवारी आठ वाजता मी आणि प्राजक्ता पाण्याच्या टाकीमागे. गजाननराव गाडीत, कारण लपायला ते मावत नव्हते. सव्वाआठ. वीस. पंचवीस. झाड्यांच्या घराचं दार उघडलं आणि सुशीलाबाई बाहेर आल्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात मऊ फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, काखेत वही. यंत्रापाशी आल्या, फडकं सोडलं, आतून काचेचा गिलास काढला, त्यात पाणी ओतलं, डोळ्यांसमोर धरला, थेंबभर कमी केला, मनगटावरचं घड्याळ बघितलं. आणि ठीक साडेआठला तो गिलास नरसाळ्यात कलंडवला.

मी टाकीमागून अशी उडी मारली की शेतातले बगळे समुद्रपूरपर्यंत गेले. आणि भाषण सुरू केलं. यंत्र म्हणजे देव नाही. ते माणसाने बनवलंय. त्याला पाणी नको, फूल नको. तुमच्या या एका गिलासामुळे पुण्यात एका मुलीची नोकरी... मी गिलास हातात घेतला, उंच धरून दाखवला, तळाशी पाणी उरलं होतं, काचेवरच्या रेघा वाचून म्हटलं हे बघा, हे अर्धा मिलिमीटर पाणी सुद्धा...

सुशीलाबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मी दम घ्यायला थांबले तेव्हा म्हणाल्या, "झालं तुमचं? आता तो गिलास डोळ्याच्या बरोबरीनं धरा. तुम्ही वरून पाहून राह्यल्या. अर्धा नाई, पाव हाय."

मी डोळ्यांच्या पातळीवर धरला. पाव होता.

पाऊस मोजण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, गिलास वरून बघू नका. प्राजक्ता माझ्याकडे बघत नव्हती. मोठी गुणी मुलगी.

"देव कोण म्हणते त्याले?" सुशीलाबाई पुढे म्हणाल्या. "ते कुंकू तुमच्या टेम्पोवाल्या साहेबानं लावलं, बसवलं त्या दिवशी, पोरगी खांबावर होती तवा. नारळही त्यानंच फोडला. मी त्याले मोजून राह्यली."

"मोजताय म्हणजे?"

"बावीस वर्षं मी पाऊस मोजला. सही याची, मोजणं माह्यं. याले साडेआठले जाग येत नाई." आता खाटेवर उठून बसलेल्या नामदेवरावांकडे त्यांनी बोट केलं. "तुम्ही आले, म्हटलं आता मोजू नका, मशीन मोजते. ठीक हाय. पण मशीन बराबर मोजते का, हे कोण पाहीन? मे महिन्यात पाऊस कुठून आणू? म्हणून आपणच पाडतो. रोज एक गिलास."

त्यांनी वही पुढे केली. आखलेले रकाने. तारीख. वेळ. गिलास. पेटीवरच्या छोट्या पडद्यावर दिसलेला आकडा. पाणी उतरायला लागलेली मिनिटं. जुन्या गिलासातलं पाणी जुन्या मापकात दहा मिलिमीटर भरतं, मग नव्यात दहा का नाही, याचं उत्तर पहिल्याच पानावर. त्यांनी दोन्ही मापकांची तोंडं सुतळीने मोजली होती. नव्याचं तोंड मोठं, तेव्हा दहाचे सहा पॉइंट चारच व्हायला हवेत. गुणाकार-भागाकार समासात. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाल्या, दहावीले होतं ना वर्तुळ, तुमच्याकडं नसते काय?

प्राजक्ता तिथेच मातीत बसली. एका हातात वही, दुसऱ्या हातात फोन, फोनमध्ये पुण्याला पोचलेले आकडे. ती ओळीमागून ओळ जुळवत गेली. सहा पॉइंट चार, सहा पॉइंट चार. सहा पॉइंट दोन, सहा पॉइंट दोन. एकतीस ओळी. एकही चुकली नाही. जे इथे पडलं ते सगळं तिच्या तारांनी पुण्याला पोचवलं होतं, थेंब न सांडता.

"आन् हे पाह्य पोरी," सुशीलाबाई तिच्याशेजारी टेकल्या. "या सोमवारपासून पाणी हळू उतरून राह्यलं. आधी दोन मिनिटं, आता सात. मंग मी काल सांगू म्हटलं होतं, चाळणीत काही अडकलं असन. निंबाले बहार हाय."

प्राजक्ताने नरसाळ्याची चाळणी काढली. आत कडुनिंबाच्या फुलांची चिमूटभर गादी. ती पुसून चाळणी परत बसवली, सुशीलाबाईंनी दुसरा गिलास भरला, ओतला. दोन मिनिटं. सहा पॉइंट चार. त्यांनी वहीत लिहिलं, 'फूल काढलं.' माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ दुरुस्ती-अहवाल मी वाचलेला नाही, आणि पुस्तिका लिहिण्यासाठी मी नऊ वर्षं तेच वाचलेत.

मग तो गिलास त्यांनी पुसून फडक्यात गुंडाळला. बावीस वर्षांत एकही फुटला नाही म्हणाल्या. गिरडला माकडं आहेत, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

वहीच्या पानांचे फोटो काढून पुण्याला पाठवायचे होते. पण खाली सही हवी. निरीक्षक कोण? नामदेवराव खाटेवरून उठले, खिशातून पेन काढलं, सवयीने. म्हणाले, सरकारी दप्तरात मोजणारा म्हणून माह्यं नाव हाय, मीच करतो. सुशीलाबाईंनी वही छातीशी धरली. "ते बावीस वर्षाचं घ्या तुम्ही," त्या म्हणाल्या. "हा महिनाभराचा पाऊस माह्या हाय. मीच पाडला." नामदेवरावांनी पेन परत खिशापर्यंत नेलं. मग त्यांनी ते बायकोला दिलं. टोपण आधी काढून दिलं, हे मी नोंदवून ठेवते.

सही करायला त्यांना बराच वेळ लागला. सुशीला नामदेव झाडे. 'झाडे' वर येऊन थांबल्या, बघितलं, आणि खाली एक रेघ मारली, जाड.

फोटो गेले. उत्तर येईपर्यंत आम्ही ओसरीवर जेवायला बसलो. गोळाभात. डाळीचे मसालेदार गोळे भातात कुस्करायचे आणि वरून लसणाची फोडणी घातलेलं कडकडीत तेल. पुण्यात आम्ही तूप मोजून घेतो, तिथे तेल वाढताना बाई विचारतात, बस म्हणाल तेव्हा आणखी दोन पळ्या. प्राजक्ता तीन ताटं जेवली. तिसऱ्या ताटाला तिच्या तोंडावर हसू आलं. दोन दिवसांतलं पहिलं. गजाननराव, साहेब म्हणून, आधीच जेवून बाहेर पडले होते.

पावणेबाराला फोन वाजला. भागवत सर. मी आवाज मोठा करून फोन ताटांच्या मध्ये ठेवला. सगळ्या घराने ऐकलं पाहिजे असं मला वाटलं, आणि टेकडीवरच्यांनीही ऐकलं तर हरकत नव्हती.

सर आधी बराच वेळ खाकरले. मग म्हणाले की त्यांनी आकडे पाहिले. सगळे जुळतात. वायरिंगमध्ये दोष नाही असं ते लिहून देतायत. प्राजक्ता फील्डवरच राहील, आणि त्या दुसऱ्या दोघींच्या बॅगाही सोमवारी द्यायला सांगतो. हे शेवटचं ते जरा भरभर म्हणाले, औषध गिळावं तसं. प्राजक्ताने भाताचा घास हातातच धरला होता, तो आता खाल्ला.

"फक्त एक," सर म्हणाले. "फाइल बंद करायला तिथल्या कोणा जबाबदार माणसाचा तोंडी दुजोरा लागेल. ही सुशीला झाडे म्हणून सही दिसतेय, ते ठीक. पण तिथे कोणी साहेब असतील ना? त्यांना जरा फोन द्या."

मी तोंड उघडलं. पण सुशीलाबाईंनी फोन आपल्याकडे ओढून घेतला होता. तो त्यांनी डोळ्यांच्या बरोबरीने धरला, अंगणात एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब गाडी धूऊन राह्यले."